सॅटर्नाइन : एका शब्दाची साडेसाती



गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारची एक मुलगी हातात इंग्रजी कादंबरी घेऊन माझ्याकडे आली. ती इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. करीत आहे, आणि अडलेला शब्द विचारावयास माझ्याकडे येण्याचा तिचा जुना परिपाठ आहे. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. तेव्हा असे कोणी काही विचारावयास आले की मलाही बरे वाटते. पुस्तकात बोट घालून ती म्हणाली, "आजोबा, हा शब्द पाहा. कोशात उदास, खिन्न, गंभीर असे तीन अर्थ दिले आहेत. पण हा मनुष्य मला उदास वाटतच नाही."

मी पान वाचले. प्रसंग अगदी साधा होता. एका जुन्या वाड्यात पाहुणा येतो. घरधनी शेकोटीपाशी बसलेला आहे. तो उठत नाही, या म्हणत नाही. सावळ्या, उभट चेहऱ्यावर एक पुसटसे कडवट हसू आणून तो पाहुण्याकडे नुसता पाहत राहतो. शेकोटी पेटलेली असूनही पाहुण्याला खोलीत गारठा वाटतो. आणि लेखक एकच विशेषण वापरून पुढे जातो : त्या गृहस्थाची मुद्रा 'सॅटर्नाइन' होती.

मुलीचे म्हणणे खरे होते. उदास मनुष्याची आपल्याला कीव येते. खिन्न मनुष्याजवळ जाऊन बसावेसे वाटते. ह्या घरधन्याजवळ कोणी बसणार नाही, आणि कोणी बसावे अशी त्याची इच्छाही नाही. मग आम्ही दोघे मराठी शब्द शोधू लागलो. 'विषण्ण' म्हणावे तर त्यात दुःखाचा ताजेपणा आहे. कालपरवा काहीतरी घडले आणि मनुष्य विषण्ण झाला, असा त्याचा रोख असतो. 'घुमा' म्हणजे न बोलणारा. पण घुमा मनुष्य प्रेमळ असू शकतो. माझ्या ओळखीत असे दोनचार आहेत. 'तुसडा' अंगावर येतो. सॅटर्नाइन मनुष्याला अंगावर येण्याइतकाही उत्साह नसतो. 'कुढा' आत जळत असतो, 'मख्ख' माणसाच्या आत काहीच चाललेले नसते. 'माणूसघाणा' पुष्कळ जवळ येतो. परंतु त्यात तिटकारा आहे, जडपणा नाही. शेवटी मुलगी हसून म्हणाली, "मग सरळ शनीसारखा म्हणावे. शब्द सॅटर्नवरूनच आला आहे ना?"

तेवढ्यावर मी तिला पुस्तक मिटावयास सांगितले आणि चहा ठेवावयास लावला. कारण हे उत्तर जितके बरोबर, तितकेच फसवे आहे. ते का, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

शब्दाचे कूळ स्पष्ट आहे. माणसाच्या स्वभावाला ग्रहांची नावे देण्याची युरोपात जुनी चाल होती. इंग्रजीत आनंदी, मोकळ्या मनुष्याला 'जोव्हियल' म्हणतात, तो जोव्ह म्हणजे गुरू ह्या ग्रहाचा. घडीत हे, घडीत ते, अशा चपळ माणसाला 'मर्क्युरियल' म्हणतात, तो बुधाचा. लढवय्या तो 'मार्शल', मंगळाचा. आणि वेडसर तो 'ल्युनॅटिक', चंद्राचा. त्याच कुटुंबातला हा वडीलभाऊ सॅटर्नाइन. मात्र जोव्हियल माणसाच्या जन्मपत्रिकेत गुरू कोठे होता हे आज कोणी पाहत नाही. शब्द राहिले, त्यांच्यामागचे आकाश विस्मरणात गेले.

आता ह्या ग्रहाच्या वाट्याला थंडपणा आणि उदासपणाच का आला? दुर्बीण नव्हती त्या काळी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ग्रहांत शनी सर्वांत दूरचा आणि सर्वांत मंद. सूर्याभोवती एक फेरी पुरी करावयास त्याला सुमारे २९½ वर्षे लागतात. १७८१ साली विल्यम हर्शेलने युरेनसचा शोध लावला तोवर शनी हीच ग्रहमालेची वेस होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात होऊन गेलेल्या टॉलेमीने त्याचे कारण एखाद्या गृहस्थाने घरातील खोल्यांची ऊब सांगावी तसे सांगितले आहे : शनी सूर्याच्या उष्णतेपासून दूर, आणि पृथ्वीवरून उठणाऱ्या ओलाव्यापासूनही दूर, म्हणून तो थंड आणि कोरडा. तिकडे ग्रीक वैद्यकात शरीरात चार रस मानीत : रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त. ह्यांपैकी काळे पित्त थंड व कोरडे. ते वाढले की मनुष्य विषादी होतो. नवव्या शतकाच्या सुमारास अरबी ज्योतिषग्रंथांनी ह्या दोहोंची गाठ घातली. थंड-कोरडा ग्रह आणि थंड-कोरडा रस एकमेकांचे सोयरे ठरले. ग्रह आकाशात, पित्त पोटात, आणि मध्ये बिचारा मनुष्य.

ह्यात एक गंमत आहे. ज्या देवाचे नाव ह्या ग्रहाला दिले तो रोमन सॅटर्न मुळात पेरणीचा देव. त्याच्या राज्यात सुवर्णयुग होते, असे रोमन लोक सांगत. १७ डिसेंबरला त्याचा उत्सव सुरू होई. त्या दिवसांत गुलामांना मोकळीक असे, धनी आणि गुलाम बरोबरीने जेवीत, थट्टामस्करीला ऊत येई. आपल्या शिमग्याची आठवण व्हावी असा तो प्रकार. अशा देवाच्या नावावरून माणूसघाण्याचे विशेषण निघावे! ते निघाले, कारण ग्रीकांचा क्रोनस, म्हणजे स्वतःची मुले गिळणारा म्हातारा देव, हाच आपला सॅटर्न, असे रोमन लोकांनी मानले, आणि ग्रहाबरोबर ती काळी सावलीही घरात घेतली. स्पॅनिश चित्रकार गोया याने उतारवयात आपल्या घराच्या भिंतीवर रंगविलेला, लेकराला खाणारा सॅटर्न आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. ते चित्र रात्री पाहू नये.

आता आपल्याकडे वळू. ग्रह तोच, वारही तोच; इंग्रजांचा सॅटर्डे आणि आपला शनिवार एकाच दिवशी उजाडतात, आणि हा योगायोग नव्हे. सात वारांचे गणित पश्चिमेकडून आपल्याकडे आले. आपल्या ह्या मध्य प्रदेशातच, सागर जिल्ह्यातील एरण येथे, बुधगुप्ताच्या काळचा इ. स. ४८४ चा शिलालेख आहे. त्यात तिथीबरोबर वारही दिला आहे, गुरुवार. वाराचा इतका जुना कोरीव उल्लेख भारतात दुर्मीळ आहे. नावाचेही साम्य पाहा. शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. संस्कृत ज्योतिषात त्याचे दुसरे नाव 'मंद' असे आहे, आणि तोच शब्द आपण बुद्धीने जड अशा विद्यार्थ्यालाही लावतो. पोथीत तो लंगडा आहे. म्हणजे दूरचा, हळू चालणारा, अंधारलेला, ही निरीक्षणे दोन्हीकडे सारखीच.

कोणी म्हणेल की शनीवरून माणसाचा स्वभाव सांगण्याची रीत आपल्याकडे नव्हती काय? होती. सहाव्या शतकातील वराहमिहिर हा तर ह्या अवंतीचाच. त्याने बृहज्जातकात शनीचे जे वर्णन केले आहे ते इंग्रजी कादंबरीकारानेही उचलावे असे आहे : आळशी, पिंगट डोळ्यांचा, कृश आणि उंच अंगाचा, दात मोठे, केस राठ, प्रकृती वाताची. आयुर्वेदात रूक्ष आणि शीत हे गुण वाताचेच सांगितले आहेत, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सामग्री सगळी तयार होती. तरीदेखील मराठीत त्यातून स्वभावाचे विशेषण झाले नाही. ज्योतिष्याच्या चोपडीत जे राहिले ते ओटीवर आले नाही.

ओटीवर काय आले? 'शनी पाठीस लागला.' 'शनी राशीला आला.' 'साडेसाती सुरू झाली.' 'शनीची दृष्टी पडली.' ही क्रियापदे पाहावीत : लागला, आला, सुरू झाली, पडली. मराठी माणसाच्या बोलण्यात शनी बाहेरून येतो. तो पाहुणा आहे, नकोसा पाहुणा आहे, पण पाहुणाच. एका राशीत त्याचा मुक्काम सुमारे अडीच वर्षे. आपल्या चंद्रराशीच्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास, अशा तीन मुक्कामांची मिळून साडेसात वर्षे होतात. हा हिशेब खेड्यातल्या निरक्षर म्हातारीलाही ठाऊक असतो. हिशेब ठाऊक असणे म्हणजे शेवट ठाऊक असणे. इंग्रजी सॅटर्नाइनला मुदत नाही. तो मनुष्य तसाच जन्मला, तसाच शेकोटीपाशी बसला आणि तसाच मरणार.

शनिमाहात्म्याची पोथी आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकली असेल. उज्जयिनीचा राजा विक्रम भर सभेत शनीची थट्टा करतो, आणि मग त्याच्यावर काय काय कोसळते! राज्य जाते, चोरीचा आळ येतो, हातपाय तोडले जातात, तेल्याच्या घाण्यावर बसून बैल हाकण्याची वेळ येते. पण त्या अवस्थेतही तो रात्री दीपक राग आळवतो आणि नगरात दिवे लागतात. इतके होऊनही विक्रम सॅटर्नाइन झाला, असे पोथी म्हणत नाही. तो रडतो, विनवतो, गातो. मुदत संपते आणि हातपाय परत येतात. ज्याचा छळ झाला तो मनुष्य आतून तोच राहिला, हा त्या कथेतला मला सर्वांत आवडणारा भाग. इंग्रजी शब्दात ग्रह माणसाच्या मुद्रेत शिरून बसतो. आपल्या कथेत तो दाराबाहेर उभा राहतो. म्हणून त्या मुलीचे उत्तर फसवे. 'शनीसारखा' म्हटले की मराठी वाचक समजेल की हा गृहस्थ दुसऱ्याच्या राशीला लागणारा आहे. तो स्वतः आतून गोठलेला आहे, हे त्यात येणार नाही.

इंग्रजीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की युरोपात ह्या ग्रहाला एक चांगली बाजूही मिळाली, आणि ती एका आजारी पंडिताने मिळवून दिली. फ्लॉरेन्सचा मार्सिलिओ फिचिनो १४३३ साली जन्मला तेव्हा त्याच्या लग्नी कुंभेचा शनी होता. आयुष्यभर तो त्या शनीच्या नावाने कुरकुरत असे. त्याचा मित्र कावालकांती याने एका पत्रात त्याला चांगलेच खडसावले, की ज्या ग्रहाने तुला एवढी बुद्धी आणि स्मरणशक्ती दिली त्यालाच दोष देतोस? फिचिनो थोडा ओशाळला. पुढे १४८९ साली त्याने विद्वानांच्या प्रकृतीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात असा पक्ष मांडला, की शनी खोल विचाराचाही स्वामी आहे. मात्र त्याच्या थंडपणावर गुरूचा उतारा हवा. शनीला गुरूचे बळ! हे वाचताना मला तर आमच्या गल्लीतल्या जोशीबुवांचाच आवाज ऐकू आला.

१५१४ साली जर्मन चित्रकार ड्यूररने ताम्रपटावर कोरलेले 'मेलेंकोलिया' हे चित्र त्याच विचारातून आले, असे अभ्यासक मानतात. पंख असलेली एक स्त्री मुठीवर गाल टेकून बसली आहे, भोवती हत्यारे पडली आहेत, आणि मागे भिंतीवर सोळा घरांचे एक यंत्र आहे. आडवे, उभे, तिरपे, कसेही मोजा, बेरीज ३४. हे गुरूचे यंत्र, शनीवरचा उतारा. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातही सोळा घरांचे चौतिसा यंत्र कोरलेले आहे. अंकांची मांडणी निराळी, बेरीज तीच. ह्यातून काही सिद्ध होत नाही. मला मौज वाटली म्हणून सांगितले.

ह्या नव्या अर्थाची छाया पुढे इंग्रजी साहित्यावर पडली. मिल्टनने विषादाला शनीची कन्या म्हणून एका कवितेत मानाने बोलावले आहे. पण बोलीत टिकला तो जुना, थंड अर्थच. शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग' नाटकात डॉन जॉन नावाचा एक कुढा, कपटी सरदार आहे. त्याचा सोबती त्याला उपदेश करू लागतो, की बाबा रे, जरा सबुरीने घे. तेव्हा डॉन जॉन त्याला टोमणा मारतो, की तू स्वतःला शनीच्या छायेत जन्मलेला म्हणवतोस आणि मला कसला उपदेश करतोस? गंमत अशी, की सोबती चांगला समजूतदार आहे आणि खरा सॅटर्नाइन हा बोलणारा आहे. शेक्सपिअरला ठाऊक होते, की पत्रिका एकाची असते आणि मुद्रा दुसऱ्याची.

विज्ञानाने तर ह्या शब्दाचा पाया अर्धा काढून घेतला आहे. शनी थंड आहे हे खरे ठरले. त्याच्या ढगांच्या माथ्यावर उणे १४० अंशांच्या आसपास गारठा असतो. पण शिशासारखा जड? आकारमानाच्या मानाने पाहिले तर ग्रहमालेतील सर्वांत हलका ग्रह तोच. त्याची घनता पाण्याहूनही कमी, पाण्याच्या सुमारे सात-दशांश. एवढा मोठा समुद्र कोठे असता तर शनी त्यावर तरंगला असता. आणि एकलकोंडेपणाचे म्हणाल, तर २०२५ च्या मार्चपर्यंत त्याचे २७४ चंद्र मोजले गेले होते. एवढे गोकुळ दुसऱ्या कोणत्याही ग्रहाभोवती आढळलेले नाही.

मी आत्ताच शिसे म्हटले. शब्दाचा हा शेवटचा पदर. खरे म्हणजे मी आज बोलावयास बसलो तो ह्याच्यासाठी.

आपल्याकडे शनीचा धातू लोखंड. युरोपच्या किमयागारांनी लोखंड मंगळाला दिले आणि शनीला शिसे दिले : जड, काळपट, थंड, निस्तेज. शिशापासून निघणाऱ्या एका गोड क्षाराला ते शनीची साखर म्हणत. हळूहळू शिशाच्या विषबाधेलाही शनीचेच नाव पडले, आणि 'सॅटर्नाइन' ह्या शब्दाला कोशात आणखी एक अर्थ चिकटला : शिशाने बाधलेला. त्या रोगाची लक्षणे पाहिली की नाव देणाऱ्यांना हसू नये असे वाटते. चेहरा फिका, राखेसारखा. पोटात जीवघेणे पिळे. मनगटे लुळी पडतात, हात खाली लोंबतो. मनुष्य सुस्त, चिडका, उदास होतो. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ उठते. ती लंडनच्या हेन्री बर्टन नावाच्या वैद्याने १८४० साली नोंदविली. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदाची दारू पिणाऱ्यांना असाच पोटशूळ होई. लोक म्हणत, आमच्या सफरचंदांचा आंबटपणाच तसा. १७६७ साली जॉर्ज बेकर या डॉक्टराने दाखवून दिले, की दोष सफरचंदांचा नाही. रस काढण्याच्या चरकांत शिसे बसविले आहे, ते रसात उतरते. त्याच्या परगण्यातील लोकांनी त्याचे आभार मानले नाहीत. उलट ते रागावले.

बेंजामिन फ्रँकलिन हा पुढे मोठा मुत्सद्दी झाला, पण मूळचा छापखान्यातला. १७८६ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने तरुणपणची आठवण सांगितली आहे. लंडनच्या छापखान्यात धुतलेले खिळे शेकोटीपुढे वाळवीत, आणि थंडीत ते ऊनऊन खिळे हाताळावयास बरे वाटत. एका म्हाताऱ्या कामगाराने त्याला बजावले, की असे करू नकोस, हात जातील. आपल्या दोन सोबत्यांचे जवळजवळ गेले.

हे पत्र माझ्या वाचनात आले तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, आणि ते वाचून मी पुष्कळ वेळ तसाच बसून राहिलो. माझे धाकटे मामा जुळारी होते. येथे इंदुरातच, एका बोळातल्या छापखान्यात त्यांनी वीस वर्षे खिळे जुळविले. खिळे म्हणजे शिसे. त्यात थोडे अँटिमनी, थोडे कथील. दुपारची पोळी-भाजी ते केसपाशीच उभ्याने खात, बोटे तशीच राखी. मजकूर दुरुस्त करताना एखादा खिळा ओठांत धरण्याची त्यांना सवय होती. छापखान्यात हात धुवावयास साबण नसे आणि खिडकी एकच होती.

१९६२ च्या सुमारास, मी दहा वर्षांचा असताना, आम्हां मुलांना मामांची भीती वाटे. ते संध्याकाळी येत, भिंतीशी टेकून बसत आणि कोणाशी बोलत नसत. चेहरा राखी झालेला. मध्येच पोट धरून वाकत. ते जुने अजीर्ण आहे असे सगळे समजत. कोणी काही विचारले तर ओठांच्या एका कोपऱ्यात हसल्यासारखे करीत, आणि त्या हसण्याचा गारवा अंगाला लागे. मोठी माणसे म्हणत, "त्याचा स्वभावच तसा." आम्ही मुले त्यांना मागून शनिमहाराज म्हणत असू. हे नाव मीच ठेवले होते. मला वर्गात भाषा विषयाचे बक्षीस मिळालेले होते, आणि त्या नावाला माझ्या मावसभावंडांनी दाद दिली होती.

एकटी आजी तसे म्हणत नसे. ती म्हणे, "अरे बाळा, तो असा नव्हता. लग्नाच्या पंगतीत उखाणे घालून बायकांना हसवून सोडायचा. त्याला साडेसाती लागली आहे. जाईल." ती दर शनिवारी मारुतीला तेल घाली. मला तेव्हा आजीचे हसू येई.

१९६४ साली मामांच्या उजव्या हातातून स्टिक सुटू लागली. मनगटच वर उचलेना. छापखान्याच्या मालकाने पंधरा दिवसांचा पगार हातावर ठेवला आणि मोकळे केले. मामा आमच्याच घरी राहावयास आले. पहिले वर्ष तसेच गेले. दुसऱ्या वर्षी केव्हातरी ते दुपारी अंगणात येऊन बसू लागले. मग एके दिवशी आमच्या पत्त्यांच्या डावात त्यांनी माझा पत्ता पाहून धाकट्या बहिणीला खूण केली, आणि मी हरलो तेव्हा ते मोठ्याने हसले. मी ते हसणे त्यापूर्वी कधी ऐकलेच नव्हते. हात पुष्कळ सुधारला, पुरता नाही. पोट दुखणे थांबले. त्यांनी उखाणे घातले ते माझ्या लग्नात, १९७७ साली. त्यांतला एक सगळ्यांपुढे सांगण्याजोगा नव्हता, म्हणून बायकांनी तो त्यांच्याकडून पुन्हा म्हणवून घेतला.

मामांना शिशाची बाधा झाली होती की काय, हे कोणा डॉक्टराने सांगितले नाही. तेव्हा कोणी तपासलेही नाही. १९८१ साली ते गेले. आज मला एवढेच ठाऊक आहे, की एका इंग्रजी शब्दाच्या दोन अर्थांपैकी पहिला मला कॉलेजात शिकविला गेला आणि पुढे मी तो पस्तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकविला. स्वभावाने खिन्न, थंड, रूक्ष. दुसरा अर्थ त्याच कोशात, त्याच शब्दाखाली, दोन ओळी पलीकडे होता.

त्या मुलीला मी हे सगळे सांगितले. चहा गार होऊन गेला होता. तिने पुस्तक पुन्हा उघडले, ते पान काढले आणि विचारले, "मग आजोबा, हा शेकोटीपाशी बसलेला गृहस्थ काय काम करीत असेल?"

मी म्हटले, "पुढे वाच. कादंबरीकाराने कोठेतरी सांगितले असेल."